दुर्बीण एक, बायका अनेक

मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "शिबिरात तीच दुर्बीण सगळ्यांच्या पोटात घालतात. रोग नाही का लागत?" प्रश्न रास्त आहे.

कात्री, चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होतात. तो म्हणजे मोठा कुकरच, आत १२१ अंशांची वाफ. नुसत्या उकळीने धनुर्वाताचे जंतू पुरते मरत नाहीत. पण दुर्बिणीत भिंगं असतात, बऱ्याच दुर्बिणींना ही वाफ सोसत नाही. म्हणून ती धुऊन ग्लुटाराल्डिहाइडच्या औषधी पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवतात, मग निर्जंतुक पाण्याने खळखळून घेतात. गर्दी झाली की घाई होते ती या २० मिनिटांतच. म्हणून सरकारी नियम आहे: एका पथकाने दिवसाला जास्तीत जास्त ३० शस्त्रक्रिया, त्याही तीन दुर्बिणी घेऊन.

आता मोठ्या रुग्णालयांत प्लाझ्मा यंत्रं आलीत. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ साधारण ५० अंशांवरच जंतू मारते, शेवटी उरतं पाणी आणि ऑक्सिजन. यंत्र महागडं. आणि दुर्बिणीला रक्त चिकटलेलं राहिलं तर तेही हरतं. आधी घासणं चुकत नाही, आपल्या भांड्यांसारखंच.

शिबिराला जाताना आशाताईंना सोबत घ्या आणि विचारा, "आज बायका किती, दुर्बिणी किती?" आम्ही विचारतो. कुणी रागावलं तरी विचारतो.