आत्मचरित्रे आणि मतदाराचे मन

गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. इतिहासाच्या तासाला गुरुजी प्रत्येक उताऱ्याखाली तीन प्रश्न लिहावयास लावीत : हे कोण सांगतो आहे, केव्हा सांगतो आहे आणि कोणासाठी सांगतो आहे? त्या वेळी परीक्षेपुरते वाटलेले हे प्रश्न पुढे राजकीय नेत्यांची आत्मचरित्रे वाचताना माझ्या कामी आले. त्या वाचनाने मतदार म्हणून माझी काही मते बदलली. ती कशी बदलली, हे सांगण्याचा येथे प्रयत्न करतो.

आम्हा बेळगावकरांची राजकीय मते बहुधा घरातच घडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीचा १७ जानेवारी आम्ही आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १९५८ च्या सीमा सत्याग्रहात माझ्या वडिलांनी तुरुंगवास भोगला होता. यशवंतराव चव्हाणांनी मुंबई मिळविली आणि सीमाभागाला वाऱ्यावर सोडले, असा त्यांचा ठाम ग्रह होता. घरात ते नाव काढलेलेही त्यांना खपत नसे. घर, शेतजमीन आणि वडिलांची पुस्तके यांबरोबर हे मतही मला वारशानेच मिळाले. मी ते कधी तपासले नाही.

१९८४ साली यशवंतरावांचे ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झाले. वडिलांच्या हयातीत ते पुस्तक मी घरी आणले नाही. त्यांच्या पश्चात आणले, तेही आपले मत पक्के करावे या हेतूने. परंतु पुस्तकात भेटला तो लहानपणीच वडिलांचे छत्र हरपलेला, गरीब घरातला मुलगा. शाळकरी वयात तो तुरुंगात गेला असता, माफी मागितल्यास सुटका होईल ही सूचना त्याच्या निरक्षर आईने धुडकावून लावली. १९४२ साली लग्न होऊन आलेल्या वेणूताईंनाही थोड्याच महिन्यांत तुरुंग पाहावा लागला. हे वाचताना मला वारंवार माझी आई आठवली. वडील सत्याग्रहात गेले तेव्हा तिनेही असेच घर सांभाळले होते.

आत्मचरित्र मतदारावर पहिला परिणाम करते तो हा. वर्तमानपत्रातून आपल्याला निर्णय कळतात; आत्मचरित्रातून निर्णय घेणारा माणूस कसा घडला ते कळते. ज्याची आपण केवळ निर्णयावरून पारख केली, त्याचे बालपण समजले की मनातली कटुता सैल होते.

मात्र याच ठिकाणी सावध राहणे अगत्याचे आहे. ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी संपते. मुंबई सरकारात संसदीय सचिव म्हणून जाण्यासाठी तरुण यशवंतराव कराड सोडतात आणि पुस्तक मिटते. पुढचे खंड हातून होण्यापूर्वीच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, त्यांचे निधन झाले. म्हणजे माझ्या घराने ज्या कृत्याबद्दल त्यांना दोषी धरले, त्याविषयी या पुस्तकात अक्षरही नाही. तरीही पुस्तक खाली ठेवताना मी त्यांना मनोमन निर्दोष ठरवून मोकळा झालो होतो! जिव्हाळा वाटणे वेगळे आणि दोषमुक्त करणे वेगळे, हे ध्यानात यायला मला काही दिवस लागले.

माझ्या मतात खरा बदल घडवून आणला तो चिंतामणराव देशमुखांच्या ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ या १९७४ साली निघालेल्या आत्मचरित्राने. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, एवढे आम्हा सर्वांना पाठ होते आणि त्याचा अभिमानही होता. परंतु त्यांच्या तक्रारीचा मोठा भाग निर्णय घेण्याच्या रीतीविषयी होता, हे आमच्या घरी कोणी बोलले नव्हते. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच झाली, असा त्यांचा आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंना तो मान्य नव्हता. कोणाचे खरे, याचा निवाडा येथे करीत नाही. पण निर्णय आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध, तो कसा घेतला गेला हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे, ही दृष्टी मला त्या पुस्तकाने दिली.

एकाच काळाविषयी दोन-तीन आत्मचरित्रे एकत्र वाचली, तर त्यांचा उपयोग कितीतरी वाढतो. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी यांचे ‘मी एस. एम.’ आणि त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या मोरारजी देसाई यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ शेजारी ठेवून पाहावे. प्रत्येकजण जे सांगतो, त्याच्याइतकेच तो काय गाळतो हेही बोलके असते. वीस-तीस वर्षांनी लिहिताना स्मरण दगा देते, आणि पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे मागचे पाऊल अधिक शहाणपणाचे वाटू लागते. शिवाय राजकारणात वावरणाऱ्याचे पुस्तक हीसुद्धा एक राजकीय कृती असते. शरद पवारांच्या ‘लोक माझे सांगाती’ची सुधारित आवृत्ती २ मे २०२३ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच व्यासपीठावरून त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली आणि तीन दिवसांनी ती मागे घेतली. म्हणून आत्मचरित्रातील महत्त्वाचे विधान त्या काळचे वर्तमानपत्र आणि सभागृहाचे कामकाज यांच्याशी ताडून पाहावे.

या वाचनानंतर माझे मत कोणाला गेले, असे कोणी विचारील. सीमाप्रश्नावरील माझी निष्ठा ढळली नाही. पण पुढच्या निवडणुकीत आमच्याच बाजूच्या उमेदवाराच्या सभेत मी उभा राहिलो आणि विचारले, ‘तुमचे निर्णय कोण घेते आणि त्याचा हिशेब आम्हाला कधी देणार?’ शेजारच्या मंडळींनी माझ्याकडे रागाने पाहिले. वडील असते तर त्यांनीही तसेच पाहिले असते. त्या सभेत मला नीट उत्तर मिळाले नाही. परंतु मत देताना मी प्रथमच स्वतःच्या प्रश्नाचा विचार केला.

शाळेतल्या वरच्या वर्गांतील मुले लवकरच अठरा वर्षांची होतील आणि मतदार बनतील. घरातून त्यांना मते मिळालेली असतीलच. ती टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. आपल्याला न आवडणाऱ्या एका नेत्याचे आत्मचरित्र शाळेच्या ग्रंथालयातून न्यावे आणि त्याच्या शेवटच्या पानाखाली गुरुजींचे तीन प्रश्न लिहून त्यांची उत्तरे शोधावीत, एवढीच विनंती आहे.