पोटगीची खतावणी

टेक्सासमध्ये मुलांच्या पोटगीच्या तारखेला निम्मं काम कोर्टाच्या दाराबाहेरच उरकतं. आई एका बाकावर, बाप दुसऱ्या बाकावर, आणि दोघांमध्ये फाईल घेऊन ये-जा करणारा सरकारी कर्मचारी. पदाचं नाव चाइल्ड सपोर्ट ऑफिसर. काही राज्यांत त्यालाच स्पेशालिस्ट म्हणतात. तो वकील नसतो आणि कायदेशीर सल्ला द्यायची त्याला मुभा नसते. पण वकील न्यायाधीशांसमोर जे पाच मिनिटांत मांडतो, त्याची सगळी जुळवाजुळव याने आधी करून ठेवलेली असते.

आईचा पहिला गैरसमजही त्यालाच दूर करावा लागतो. ज्या अटर्नी जनरलच्या कार्यालयात तो काम करतो, तिथला वकील तिचा नसतो. तो राज्याची बाजू मांडतो, आणि हे टेक्सासच्या कौटुंबिक कायद्यातच लिहिलेलं आहे. मग राज्याला यात एवढा रस का? कारण सुरुवात तिजोरीपासून झाली. बापाने हात झटकले की आई-मुलांचा भार सरकारी मदतीवर पडे. तो पैसा बापाकडून वसूल करावा, असा लुइझियानाचे सेनेटर रसेल लाँग यांचा आग्रह होता. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तशा कायद्यावर सही केली, तीही केंद्र सरकार लोकांच्या घरगुती मामल्यात फार शिरतंय अशी कुरकुर करत. राज्यांच्या या कामावरच्या बहुतेक खर्चापैकी ६६ टक्के वाटा आजही केंद्र उचलतं. सरकारी मदत न घेणारे पालकही आता या सेवेसाठी अर्ज करतात.

कामाचा पहिला भाग म्हणजे माणूस हुडकणं. १९९६ च्या कायद्याने हे सोपं केलं. कोणीही नवा नोकर ठेवला की मालकाने २० दिवसांत त्याचं नाव राज्याला कळवायचं, आणि ती माहिती देशभरच्या नोंदवहीत जाते. बाप ह्यूस्टन सोडून ओहायोत कामाला लागला तरी नाव पुढे येतं. मग मालकाला आदेश जातो आणि पोटगी पगारातूनच कापली जाते. देशातली बहुतांश वसुली अशीच होते. कपातीलाही मर्यादा आहे: परिस्थितीनुसार हातात येणाऱ्या पगाराच्या ५० ते ६५ टक्के. रोखीने काम करणाऱ्यांसाठी दुसरे उपाय आहेत. आयकराचा परतावा अडवतात, गाडीचं किंवा मासेमारीचं लायसन्स रोखतात, आणि थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट मिळत नाही.

खरा कस लागतो तो खात्याच्या उताऱ्यावर. हप्त्याची तारीख, देय रक्कम, जमा, बाकी. हा कागद वकील न्यायालयात दाखल करतो, आणि एक ओळ चुकली तर समोरचा वकील सगळ्या उताऱ्यावरच शंका घेतो. बाहेरच्या बाकावर बापाचं म्हणणं ठरलेलं: ‘पोरीला शाळेचे बूट घेतले, तिच्या आईला दोनशे रोख दिले, ते कुठे धरलेत?’ बूट ही भेट झाली, ती हप्त्यात धरत नाहीत. रोख पैशाला पुरावा हवा, नाहीतर आईने तरी हो म्हणायला हवं. म्हणून पैसे सॅन अँटोनिओच्या सरकारी केंद्रामार्फतच भरा, असं कर्मचारी पुन्हा पुन्हा सांगत असतो.

या खतावणीला दयामाया नाही. सेनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८६ च्या दुरुस्तीमुळे एकदा थकलेला हप्ता न्यायाधीशालाही मागे जाऊन कमी करता येत नाही. नोकरी गेली तर हप्ता कमी करण्याचा अर्ज लगेच करायला हवा. वाट पाहिली तेवढे महिने पूर्ण दराने अंगावर पडतात. टेक्सासमध्ये वर ६ टक्के सरळ व्याज: १०,००० डॉलर थकले तर वर्षाला ६०० नुसत्या व्याजाचे. बुडवणाऱ्यासाठी केलेली ही तरतूद गरिबालाही तितकीच लागते. ज्याच्याकडे आहे तो वकील गाठून वेळेत अर्ज करतो. ज्याच्याकडे नाही त्याला अर्ज करायचा असतो हेच ठाऊक नसतं.

गरिबाचा हा प्रश्न साउथ कॅरोलिनातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. टर्नर विरुद्ध रॉजर्स खटल्यात पोटगी थकवून न्यायालयाचा अवमान केला म्हणून बापाला बारा महिन्यांची कैद झाली होती आणि वकील ना बापाकडे होता ना आईकडे. २०११ मध्ये न्यायालयाने म्हटलं, दर वेळी सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागेल असं नाही. पण पैसे भरण्याची ऐपत आहे का, हे नीट विचारल्याशिवाय तुरुंगात टाकता येणार नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ही चौकशी अवमानाचा अर्ज करण्याआधीच्या पायरीवर आणली. म्हणजे ती येऊन पडली पुन्हा याच टेबलावर. न देणारा कोण आणि देऊ न शकणारा कोण, याची पहिली निवड इथे होते, आणि माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात जोखमीचं काम तेच आहे.

आपल्याकडे पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. तरीही नवऱ्याची नवी नोकरी शोधायची, पगाराचा कागद मिळवायचा आणि थकबाकीचा हिशेब मांडायचा तो बाईनेच. वॉरंट आहे, तुरुंग आहे. खतावणी सांभाळणारा माणूस सरकारने नेमलेला नाही.

आई पुण्यात आणि बाप डॅलसला असेल तर आणखी एक अडचण. पोटगीवसुलीचा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. भारत त्यात नाही. ज्या देशांचे निकाल इथे थेट बजावता येतात, त्यांच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या यादीत ब्रिटन आहे, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती आहे, अमेरिका नाही. त्यामुळे तिकडचा आदेश इथे थेट बजावता येत नाही. इथला आदेश तिकडे मानायचा की नाही, हे तिथलं न्यायालय ठरवतं. ज्यांच्या घरात असा प्रसंग आहे त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत, नोटीस बजावल्याचा पुरावा आणि प्रत्येक जमा-थकीत हप्त्याची तारीखवार नोंद आजपासूनच ठेवावी.