गठ्ठा मतें

निवडणुकीचे दिवस आले कीं राजकीय टीकाकार अल्पसंख्याकांच्या मतांस ‘गठ्ठा मतें’ किंवा ‘व्होट बँक’ म्हणूं लागतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनीं १९५५ सालीं हा दुसरा शब्द योजिला, तो म्हैसूरकडील एका खेड्यांतील वजनदार पुढाऱ्यांच्या हातच्या मतांस उद्देशून; धर्मास नव्हे.

मत गुप्त असतें. यंत्र मतें मोजतें, मतदाराचा धर्म मोजीत नाहीं. टीकाकार वस्तीवरून केवळ अनुमान बांधतात. २०२४ सालीं धुळ्याची लोकसभेची जागा अवघ्या ३,८३१ मतांनीं जिंकली गेली. विजयी उमेदवारास मुस्लिमबहुल मालेगांव मध्य भागानें मोठें मताधिक्य दिलें होतें. तेव्हां ‘गठ्ठा’ हा शब्द पुष्कळांच्या तोंडीं आला. परंतु सहाच महिन्यांनीं विधानसभेच्या वेळीं तेथील बहुतेक मतें दोन मुसलमान उमेदवारांत जवळजवळ सारखीं विभागलीं; जय झाला तो केवळ १६२ मतांनीं! एका प्रश्नावर एकत्र येणें म्हणजे कायमचें बांधलें जाणें नव्हे.

काशीमिऱ्याच्या परिसरांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, जैन शेजारीं राहतात. पाणी, रस्ता, शाळा यांची चिंता सर्वांसच आहे. विद्यार्थिमित्रहो, शेजाऱ्यास गठ्ठ्यांतील एक काडी समजूं नका. तोहि आपणांसारखाच विचार करून मत देतो.