वेबसाइट चालू आहे, पण कुलूप जुनंच आहे!
जमात, मदरसा आणि ट्रस्टच्या वेबसाइटचा डेटाबेस पासवर्ड व सॉफ्टवेअर कसे बदलावे

रमजान जवळ आला की आपल्या जमाती, मदरसे आणि शिक्षण संस्थांच्या वेबसाइटवर वर्दळ वाढते. जकात कोणत्या खात्यावर पाठवायची, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी निघणार, मागच्या वर्षीचा हिशोब कुठे बघायचा, हे सगळं लोक आता मोबाइलवरच पाहतात. पण ही वेबसाइट शेवटची कधी दुरुस्त केली, असं विचारलं तर कमिटीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमच्याकडे हेच झालं. आठ-नऊ वर्षांपूर्वी जमातीतल्या एका होतकरू मुलाने फी सबिलिल्लाह वेबसाइट बनवून दिली. पुढे तो नोकरीसाठी आखाती देशात गेला. पासवर्ड मात्र जुन्या कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसाच पडून होता. त्या ग्रुपमध्ये असे लोक होते, ज्यांचा आता जमातीच्या कामाशी काही संबंध नाही. मी हा विषय काढला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "सर, वेबसाइट चालू आहे ना? मग कशाला हात लावता?"

प्रश्न साधा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. दार उघडतं-बंद होतं, म्हणजे कुलूप मजबूत आहे असं नसतं.

आत काय ठेवलंय ते आधी बघा

आपल्या वेबसाइटवर फक्त नमाजचे वक्त आणि जलशाचे फोटो नसतात. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये मुलांचे आधार नंबर, पालकांचे उत्पन्नाचे दाखले असतात. देणगीदारांची नावं आणि रकमा असतात. रिश्त्यांचा विभाग असेल तर मुलींचे बायोडेटा, फोटो आणि घरचे मोबाइल नंबर असतात. मदत घेणाऱ्या बेवा बहिणींची यादी असते, जी आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अ‍ॅप्स निघाली, ते आपण विसरलेलो नाही. ते फोटो सोशल मीडियावरून घेतलेले होते, कुणाची वेबसाइट फोडून नव्हे. पण आपल्या लेकींचे फोटो चुकीच्या हाती पडले तर काय होऊ शकतं, ते तेव्हा कळलं. लोकांनी ही माहिती आपल्यावर भरवसा ठेवून दिली आहे. ही अमानत आहे. हुजूर (स.) हिजरतला निघाले तेव्हा मक्केच्या लोकांच्या अमानती परत करायला हजरत अली (र.) यांना मागे ठेवून गेले, हे आपण मुलांना शिकवतो. तोच धडा इथेही लागू आहे.

कायदाही हेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

डेटाबेस आणि त्याची चावी

शाळेच्या ऑफिसचं उदाहरण घेऊ. कपाटात रजिस्टर असतं. कुणी दाखला मागितला की शिपाई चावीने कपाट उघडतो, रजिस्टर काढतो, माहिती देतो. वेबसाइटवर रजिस्टर म्हणजे डेटाबेस, बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. शिपाई म्हणजे वेबसाइटचा प्रोग्राम. आपल्याकडच्या बहुतेक साइट वर्डप्रेसवर असतात आणि वर्डप्रेस पीएचपी या भाषेत चालतं.

प्रत्येक पान उघडताना शिपायाला चावी लागते. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. म्हणजे पासवर्ड दोन ठिकाणी असतो: डेटाबेसच्या कुलपात आणि या फाइलमध्ये. बदलायचा तर दोन्हीकडे बदलावा लागतो. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला, की पानावर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' असं येतं आणि लोक घाबरून फोन करायला लागतात. डेटा गेलेला नसतो, शिपायाच्या हातात फक्त जुनी चावी असते.

पहिलं काम: बॅकअप

कशालाही हात लावण्याआधी फाइल्स आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत घ्या. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये फाइल मॅनेजरमधून फाइल्सची झिप बनते आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये एक्सपोर्ट केलं की डेटाबेसची फाइल मिळते. दोन्ही आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि झिप सर्व्हरवरून काढून टाका. ती वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये राहिली तर नाव ओळखून कुणीही सगळं उतरवून घेऊ शकतो.

दुसरं काम: डेटाबेसचा पासवर्ड

इशानंतर, वर्दळ कमी असताना बसा. काम पाच मिनिटांचं आहे.

१. सीपॅनेलमध्ये मायएसक्यूएल डेटाबेसच्या विभागात जा. खाली युजरची यादी असते. आपल्या साइटच्या युजरसमोर पासवर्ड बदलण्याचा पर्याय असतो. युजर एकाहून जास्त असतील तर कोणता आपला, ते कॉन्फिग फाइलमध्ये बघून घ्या.

२. नवा पासवर्ड जनरेटरने बनवा, किमान २० अक्षरांचा. हा पासवर्ड कुणाला पाठ करायचा नाही, म्हणून मस्जिदीचं नाव किंवा ७८६ घालायची गरज नाही. अवतरणचिन्ह आणि उलटी तिरकी रेघ टाळा, फाइलमध्ये त्यांनी घोळ होतो. मोठी-लहान अक्षरं आणि आकडे पुरेत.

३. लगेच कॉन्फिग फाइल उघडून डीबी पासवर्डच्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत नवा पासवर्ड टाका. बाकी काही बदलू नका. सेव्ह करा, साइट उघडून बघा.

४. शिष्यवृत्तीचा फॉर्म वेगळ्या प्रोग्रामवर असेल आणि तोच डेटाबेस युजर वापरत असेल, तर तिथेही बदला.

एक चूक फार जण करतात. बदल करण्याआधी कॉन्फिग फाइलची कॉपी 'बॅक' किंवा 'ओल्ड' असं शेपूट लावून तिथेच ठेवतात. सर्व्हर पीएचपी फाइल चालवतो, तिच्यातला मजकूर दाखवत नाही. पण शेपूट बदललं की बहुतेक सर्व्हर तिला साधा मजकूर समजून जशीच्या तशी समोर ठेवतात, पासवर्डसकट! अशा कॉप्या शोधून काढून टाका.

पासवर्ड किती वेळा बदलावा? दर महिन्याला बदलत बसू नका, त्याने लोक चिठ्ठीवर लिहायला लागतात. काम करणारा माणूस गेला, पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, किंवा साइटवर काही संशयास्पद दिसलं, तर मात्र त्याच दिवशी बदला. सोबत होस्टिंग खातं, डोमेन खातं आणि वर्डप्रेस अ‍ॅडमिन यांचेही पासवर्ड बदला. गेलेल्या माणसाचं अ‍ॅडमिन खातं बंद करा. यात त्याच्यावर शक घेण्याचा प्रश्न नाही. हेडमास्तर बदलले की ऑफिसच्या चाव्या परत घेतोच की आपण!

तिसरं काम: जुनं सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडतात, बनवणारे ते दुरुस्त करतात आणि जाहीर करतात. जाहीर झाल्यावर दोष कुठे आहे ते चोरालाही कळतं. ज्याने अपडेट केलं नाही, त्याचं दार आता नकाशावर आलेलं असतं. हा शोध माणूस नाही, प्रोग्राम घेतात. म्हणून "आमच्या छोट्या साइटला कोण विचारतंय" हे खरं नाही.

प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ अखेर थांबली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची साइट ५.६ वरच होती.

क्रम असा ठेवा. आधी प्लगइन आणि थीम, मग वर्डप्रेस, मग पीएचपी. पीएचपी फारच जुनी असेल तर वर्डप्रेसचं नवं अपडेट येतच नाही. तेव्हा आधी पीएचपी ७.४ वर जा, वर्डप्रेस पूर्ण अपडेट करा आणि मग ८.३ किंवा त्यापुढे जा. सीपॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडायचा पर्याय असतो. साइट बिघडली तर होस्टिंगवर जुनी आवृत्ती उपलब्ध असेपर्यंत तात्पुरतं मागे येता येतं. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर साइट, फॉर्म आणि देणगीचं पान तपासा. पांढरं पान आलं तर बहुधा एखादं जुनं प्लगइन नव्या पीएचपीशी जुळत नाही. ते बंद करा.

वापरात नसलेली प्लगइन नुसती बंद ठेवू नका, डिलीट करा. फुकटात मिळालेली 'क्रॅक' थीम असेल तर तीही काढा. अशा चोरीच्या मालात अनेकदा मागचं दार ठेवलेलं असतं.

शेअर्ड होस्टिंगवर डेटाबेसची आवृत्ती होस्टिंग कंपनीच्या हाती असते. त्यांना लिहून विचारा. स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर ती जबाबदारी आपली.

शेवटी जबाबदारी कुणाची?

कमिटीने तीन गोष्टी ठराव करून लिहून ठेवाव्यात. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर असेल, कुणाच्या खासगी ईमेलवर नाही. चाव्या दोन जबाबदार माणसांकडे राहतील. आणि दरवर्षी शाबानमध्ये, रमजानची गर्दी सुरू होण्याआधी, सगळी तपासणी होईल. त्याच वेळी निकाह झालेल्या मुलींचे बायोडेटा आणि काम संपलेले जुने फॉर्म काढून टाका. जे ठेवलेलंच नाही, ते चोरीला जात नाही.

आमचं काम दोन रात्रींत झालं. आखातातल्या त्या मुलाने फोनवर मदत केली आणि स्वतःच म्हणाला, "सर, माझं खातंही बंद करून टाका." ज्या बुजुर्गांनी आधी प्रश्न विचारला होता, त्यांनीच नव्या पासवर्डचा लिफाफा सील करून जमातीच्या तिजोरीत ठेवला.

तुमच्या जमातीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: आपल्या वेबसाइटची चावी आज कुणाकुणाकडे आहे? अल्लाह आपल्याला अमानत सांभाळण्याची तौफिक देवो.