दारीचा हत्ती

एके काळी एखाद्या घराण्याचे वैभव सांगावयाचे तर 'त्यांच्या दारी हत्ती झुलत' असे म्हणत. हत्तींचे दिवस सरले आणि ती जागा मोटारीने घेतली. परंतु हत्तीबरोबर हत्तीखाना येई, माहूतही येई, याचा मात्र आपल्याला विसर पडला. आमच्या बडोद्यातील जुन्या वाड्यांना दिंडी आहे, अंगण आहे. मोटारीसाठी छप्पर तेवढे नाही. आमच्या धाकट्या बंधूंनी बारा वर्षांची बचत आणि वर बँकेचे कर्ज घालून भारी विलायती मोटार घेतली, तेव्हा ती वाड्यासमोरील निंबाखाली उघड्यावरच उभी राहिली.

पहिल्याच पावसाळ्यात आम्ही तिच्यावर जाड प्लॅस्टिकची ताडपत्री घातली आणि निर्धास्त झालो. वरून पाणी आले नाही हे खरे. पण जमिनीची वाफ आत कोंडली. महिन्याने ताडपत्री काढली तो रंगावर पांढुरके डाग आणि आत कुबट वास! आच्छादन हवा खेळू देणारे, मऊ अस्तराचे, मोटारीच्या मापाचे आणि पट्ट्यांनी आवळता येणारे असावे, हे तेव्हा उमगले. ओल्या अथवा धुळकट मोटारीवर ते घालूच नये. अस्तराखाली सापडलेले धुळीचे कण वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी कानशीचे काम करतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची आपली सवयही तशीच घातक. आधी पाणी सोडावे, मगच हात लावावा.

झाडाची सावली उन्हापासून वाचवते, पण तिचे भाडे पक्षी वसूल करतात. त्यांची विष्ठा आम्लयुक्त असते, आणि उन्हाने तापलेल्या रंगावर ती वाळली की कायमचा व्रण उमटतो. ती खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे तीवर ठेवून अलगद उचलून घ्यावी, आणि हे त्याच दिवशी करावे. समोरच्या काचेच्या पायथ्याशी साचणारा पालाही रोज काढावा. तेथील पाण्याच्या वाटा तुंबल्या की पावसाचे पाणी थेट आत उतरते. छताला उघडणारी काच असल्यास तिच्या कोपऱ्यांतील नळ्याही साफ ठेवाव्यात.

गणरायाचे वाहन आपल्या वाहनात बिऱ्हाड थाटते, हाही अनुभव घरोघरचा. उबदार इंजिनाजवळ उंदीर वस्ती करतात आणि तारा कुरतडतात. म्हणून मोटारीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, आसपास कचरा साचू देऊ नये आणि दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. भारी मोटारीतील विद्युत्‌यंत्रणा ती उभी असतानाही थोडीथोडी वीज खातच असते. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालवून बॅटरी भरत नाही. आठवड्यातून अर्धा-पाऊण तास तिला रस्त्यावर फिरवून आणावे.

हे सारे आम्ही शिकलो, आणि तरीही मोठी चूक आमच्या हातून व्हायचीच होती. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला होता. तो धडा आम्ही विसरलो. ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली. आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवले, फ्रीज उचलून टेबलावर ठेवला; मोटार मात्र 'सकाळी पाहू' म्हणून राहिली. सकाळी तिच्या चाकांवर पाणी चढलेले होते. पाणी ओसरताच बंधूंना राहवले नाही. त्यांनी बटण दाबले, आतून एक जड आवाज आला आणि सारे थांबले.

कारण साधे आहे. इंजिनात हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. पुराने झालेली हानी सर्वसमावेशक विम्यात धरतात. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन-संरक्षणाची पुरवणी घ्यावी लागते. ती आमच्याकडे नव्हती. आसनांचे आणि तारांचे पैसे मिळाले. इंजिनाचे घरातून गेले. आणखी दोन वर्षांचे हप्ते वाढले. त्या दिवाळीत वहिनींनी पाटल्यांचा विषय काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

वाचकहो, पावसाळ्यापूर्वी आपली पॉलिसी एकदा कपाटातून काढून वाचावी, एवढी विनंती. आमच्या वाड्यात आता मोटारीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर असते आणि तिच्याशेजारी आईंनी स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी: 'नदी चढू लागली की आधी मोटार उंचावर न्यावी. बुडालीच, तर बटणाला हात लावू नये, मिस्त्रीला बोलवावे.'