वाढत्या वयाची भूक

मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, आणि मुलांची त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. ऐन भरात असताना हा वेग वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातो. आधी हात-पाय लांबतात, धड मागून येते. म्हणून तेराव्या वर्षीचा मुलगा काही काळ काटकुळा आणि बेढब दिसतो. मुलींच्या मांड्या-कमरेवर याच सुमारास चरबी साठू लागते. ही चरबी संप्रेरकांच्या आज्ञेने येते आणि नियमित पाळीसाठी ती लागते. अठराव्या वर्षापर्यंत हाडांच्या आयुष्यभराच्या साठ्यापैकी सुमारे ९० टक्के साठा जमा झालेला असतो. पुढे त्यात फारशी भर पडत नाही.

एवढ्या बांधकामाला अन्नही तेवढेच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज २८६० आणि मुलीला २४०० किलोकॅलरी ऊर्जा हवी. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला २११० पुरतात. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलीला अशा वडिलांपेक्षा जास्त जेवण लागते. जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांत आजही ती सर्वांच्या मागून, उरलेल्यात जेवते. वाढीच्या शास्त्राच्या अगदी उलट अशी ही रीत आहे. शाळेतल्या पोषण आहाराची मर्यादाही इथे आड येते. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून रोज ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे, पण नववीत गेल्यावर हे ताट बंद होते. भूक सर्वांत मोठी असते त्याच वयात ते बंद व्हावे, हे योग्य नाही.

सर्वांत मोठी उणीव लोहाची. शरीर वाढते तसे रक्त वाढते, स्नायू वाढतात आणि दोन्हींना लोह लागते. मुलींचे काही लोह दर महिन्याला पाळीतून जाते. म्हणून १३ ते १५ या वयात मुलांना रोज २२ तर मुलींना ३० मिलिग्रॅम लोह हवे, असे हीच संस्था सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. रक्त कमी असलेली मुलगी आजारी दिसेलच असे नाही. जिना चढताना तिला धाप लागते, अभ्यासात मन लागत नाही, मैदानावर ती लवकर थकते आणि घरचे तिला आळशी ठरवतात.

यावरचा एक उपाय मराठवाड्याच्या चुलीवर पूर्वापार आहे, तो म्हणजे बाजरीची भाकरी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एएचबी १२०० हा लोहयुक्त संकरित बाजरीचा वाण दिला. नेहमीच्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, या वाणात ७३. अशा भाकरीने खरोखर फरक पडतो का, याची परीक्षाही महाराष्ट्रातच झाली. १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला लोहयुक्त बाजरी दिली, दुसऱ्याला कमी लोहाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीला लोह कमी असलेल्यांपैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. पुढच्या एका अभ्यासात अशा मुलांचे लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारलेली दिसली.

बाजरीतल्या फायटेट या घटकामुळे मात्र तिच्यातल्या लोहाचा थोडाच वाटा रक्तात उतरतो. क जीवनसत्त्व हा अडथळा कमी करते, आणि जालन्याची मोसंबी तर भौगोलिक मानांकन मिळवलेली. अंबड-घनसावंगीकडे बागा असलेल्या घरातल्या मुलांना जेवणासोबत मोसंबी सहज मिळू शकते. इतरांना पेरू, लिंबू, आवळा आहेच. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये.

शाळकरी मुलांना दंडाचे स्नायू हवे असतात आणि त्यासाठी डब्यातल्या प्रथिनांच्या पावडरीचा मोह पडतो. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने पुरतात. दिवसभरात २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी, ६० ग्रॅम तूरडाळीचे वरण, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध एवढ्यात ती भरून निघतात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ सारखे वाण दिले आहेत. त्या तुरीचे वरण बाजूला ठेवून पावडरीवर पैसे घालवण्यात शहाणपण नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा जालन्यात झाली. आखाड्यातली तशी शरीरे पूर्ण वाढ झालेल्या तरुणांची असतात आणि त्यांमागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. आठवीतल्या मुलाने त्यांच्याशी स्वतःला ताडून पाहणे अन्यायाचे. वजनगटात बसण्यासाठी पाणी आणि जेवण तोडणे तर या वयात धोक्याचेच.

मोठ्यांचा बीएमआय मुलांना लावणे ही तशीच चूक. प्रौढांत १८.५ च्या खाली बारीक मानतात, पण १३ वर्षांच्या मुलाचा मधला बीएमआयच १८.२ असतो. मुलांचे वजन वयाप्रमाणे आखलेल्या तक्त्यावरच पाहावे लागते. वर्गात पडलेले ‘जाडी’ किंवा ‘काडी’ हे नाव ऐकून आणि मोबाइलमध्ये गुळगुळीत केलेले चेहरे पाहून मुली सकाळचे खाणे सोडतात. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते आधी पाळी लांबवते, मग हाडांची भर थांबवते.

व्यायामाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयासाठी सांगितले आहे: रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडे बळकट करणारी. खो-खो, कबड्डी, दोरीउड्या आणि सायकलने शाळेला जाणे यांत ते सहज बसते. मुलींना पाळीनंतर मैदानातून काढून घेणे थांबले, तर यातला निम्मा प्रश्न सुटेल.

सतत थकवा, पांढुरके डोळे, माती किंवा खडू खाण्याची ओढ, तीन महिने न आलेली पाळी, किंवा जेवण टाळून वजन उतरत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी चालणाऱ्या मैत्री क्लिनिकमध्ये तपासणी आणि समुपदेशन विनामूल्य होते.