जेरिको ब्राऊन : चौदा ओळींचं जुळं घर

मागच्या आठवड्यात लँगस्टन ह्यूजच्या कवितेत ब्लूज गाणं कसं शिरलं ते आपण पाहिलं. ब्लूजची रीत साधी असते. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. दुसऱ्यांदा शब्द तेच असतात, पण तोवर ऐकणारा बदललेला असतो. आजच्या कवीने, जेरिको ब्राऊनने, या रीतीतून एक नवा काव्यप्रकार घडवला. त्यासाठी त्याने सुनीत मोडलं आणि गझलेकडेही हात पसरले.

ब्राऊनचा जन्म १९७६चा, लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा. जन्मनाव नेल्सन डेमरी, घराण्यातला तिसरा. 'जेरिको ब्राऊन' हे नाव त्याने मोठेपणी स्वतः घेतलं. घरची माणसं कष्टकरी, बाप्टिस्ट चर्चला जाणारी. लोकांच्या अंगणातलं गवत कापण्याचं काम त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. मुलांना सांभाळायला माणूस ठेवणं परवडत नसे म्हणून आई त्यांना सार्वजनिक वाचनालयात सोडून जायची, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात शिक्षण झालं, त्याच शहराच्या महापौरांची भाषणं लिहून देण्याची नोकरी झाली, ह्यूस्टनला पीएचडी झाली. सध्या तो अटलांटाच्या एमरी विद्यापीठात शिकवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतला कृष्णवर्णीय मुलगा, चर्चमध्ये वाढलेला आणि पुरुषांवर प्रेम करणारा. या तिन्ही गोष्टी त्याच्या कवितेत एकमेकींना सोडून कधीच येत नाहीत. 'प्लीज' (२००८) या पहिल्या संग्रहाचे भाग टेपरेकॉर्डरच्या बटणांवरून पाडले आहेत : रिपीट, पॉज, पॉवर, स्टॉप. डायना रॉस, जॅनिस जॉप्लिन यांची गाणी त्या पानांतून वाजत राहतात. गाण्यांच्या मध्ये एक घर दिसतं. ज्या हाताचा मार पडतो, त्याच हाताच्या मायेची आस त्या घरातल्या मुलाला आहे. प्रेम आणि मार एकाच माणसाकडून मिळाले, तर मोठेपणी प्रियकराचा स्पर्श अंगाला कसा कळणार, हा ब्राऊनचा पहिला प्रश्न. माझ्या मते त्याची पुढची सगळी कविता याच प्रश्नाचं उत्तर शोधते आहे.

'द न्यू टेस्टामेंट' (२०१४) या दुसऱ्या संग्रहात बायबलच्या कथा येतात, भावाच्या मृत्यूचा शोक येतो आणि आजारही येतो. ब्राऊन एचआयव्हीसह जगतो आणि ते त्याने लपवलेलं नाही. याचं महत्त्व कळण्यासाठी एक पिढी मागे जायला हवं. १९८६ साली जोसेफ बीम या लेखकाने 'इन द लाइफ' हे कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचं संकलन काढलं. दुसऱ्या खंडाचं काम चालू असतानाच १९८८मध्ये एड्सने त्याचा बळी घेतला. ते अपुरं काम कवी एसेक्स हेम्फिलने बीमच्या आईच्या सोबतीने पुरं केलं आणि १९९१मध्ये 'ब्रदर टू ब्रदर' बाहेर आलं. १९९५मध्ये हेम्फिलही गेला, त्याच आजाराने, अडतिसाव्या वर्षी. संयुक्त औषधोपचार सर्रास मिळू लागला तो त्यानंतर वर्षभरात. ब्राऊन तेव्हा वीस वर्षांचा होता. ज्यांनी त्याला हाताला धरून शिकवायचं, त्यांच्यातले कितीतरी जण तो लिहिता होण्याआधीच संपले होते. त्यामुळे त्याच्या कवितेत देह नुसता भोगाचा किंवा दुःखाचा विषय राहत नाही. मागचे गेले आणि आपण उरलो, ही जाणीव त्या देहात असते.

तिसरा संग्रह 'द ट्रॅडिशन' २०१९चा. सुरुवात गॅनिमीडच्या ग्रीक कथेने होते. झ्यूस देव एक देखणा मुलगा पळवून नेतो आणि बापाला मोबदला म्हणून घोडे देतो. ही कथा ब्राऊन गुलामांच्या व्यापाराशेजारी ठेवतो. माणूस विकला जातो आणि त्या विक्रीला कोणीतरी सुंदर गोष्टीचं रूप देतं, हे वाचताना अंगावर काटा येतो. शीर्षककविता हे एक सुनीत आहे. त्यात माळीकाम करणारे तरुण आहेत आणि फुलांची नावं आहेत. नावांमागून नावं येत राहतात आणि शेवटी फुलांच्या जागी माणसं येतात : २०१४च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून मेलेले तीन कृष्णवर्णीय पुरुष. त्यांतला एरिक गार्नर कधीकाळी न्यूयॉर्कच्या उद्यान विभागात काम करत होता.

याच संग्रहात 'बुलेट पॉइंट्स' ही कविता आहे. २०१४च्या मार्चमध्ये लुइझियानातच व्हिक्टर व्हाइट नावाचा बावीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. हात पाठीमागे बेड्यांनी बांधलेले असताना त्याने स्वतःच गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. २०१५मध्ये टेक्सासच्या तुरुंगात सँड्रा ब्लँड अटकेनंतर तीन दिवसांनी गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. अशा मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर या कवितेतला माणूस आधीच आपली जबानी देऊन ठेवतो : पोलिसांच्या ताब्यात माझा जीव गेला, तर तो मी घेतलेला नाही. ही कविता मला साक्षीपुराव्याच्या कागदासारखी वाटते. ती वाचून कोणी हळहळावं एवढीच तिची अपेक्षा नाही, तिला वाचणारा साक्षीदार व्हायला हवा आहे. ४ मे २०२० रोजी 'द ट्रॅडिशन'ला पुलित्झर पारितोषिक जाहीर झालं. तीन आठवड्यांनी मिनिआपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि 'बुलेट पॉइंट्स' हातोहात फिरू लागली.

आता त्या नव्या काव्यप्रकाराकडे येऊ. त्याचं नाव 'ड्युप्लेक्स', म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं असलेलं घर. चौदा ओळी, दोनदोनच्या सात जोड्या, प्रत्येक ओळीत नऊ ते अकरा अक्षरोच्चार. जोडीतली दुसरी ओळ थोडी बदलून पुढच्या जोडीची पहिली ओळ होते. असं करत करत कविता चौदाव्या ओळीत पुन्हा पहिलीपाशी पोचते. चौदा ओळी सुनीताच्या, ओळ परत म्हणण्याची रीत ब्लूजची आणि सुट्या, स्वतंत्र द्विपदी गझलेच्या.

गझल तिथे पोचली कशी? केशवसुतांनी सुनीत मराठीत आणलं, माधव ज्यूलियनांनी गझल रुजवली आणि सुरेश भटांनी ती घराघरांत नेली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजीत हेच काम श्रीनगरमध्ये वाढलेल्या आगा शाहिद अलींनी केलं. अमेरिकेत गझलेच्या नावाखाली काहीही सैल लिहिलं जातं, याचा त्यांना मनापासून राग होता. रदीफ-काफिया पाळणाऱ्या इंग्रजी गझलांचं संकलन त्यांनी २०००मध्ये काढलं आणि २००१मध्ये ते गेले. ब्राऊनने रदीफ जशीच्या तशी घेतली नाही, पण एक शेर दुसऱ्याला न बांधताही त्याच्या शेजारी नांदतो, हे गझलेचं मर्म मात्र उचललं.

सुनीत म्हणजे प्रेमकविता, असं युरोपने ठरवून दिलेलं. ब्राऊनचं त्यावर प्रेम होतं आणि त्याच्या चौदा ओळींचा जाचही वाटत होता. कृष्णवर्णीय, क्वीअर आणि दक्षिणेकडचा असा आपला आकार त्याला हवा होता. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, फसलेल्या कवितांमधल्या ओळी त्याने गोळा केल्या, छापून कापल्या आणि त्या कपट्यांची जुळवाजुळव सुरू केली. टाकून दिलेल्या ओळींतून हा आकार उभा राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. चौदा ओळींच्या त्या फेऱ्यात बापाचा मार आणि प्रियकराची मिठी एकाच भिंतीला पाठ लावून राहतात. एका जोडीत मायेने उच्चारलेली ओळ पुढच्या जोडीत धाकाची होते आणि आपल्याला दोन्ही खरी मानावी लागतात.

कवीने आपल्या वेदनेला सरळ वाचा फोडावी, आकाराबिकाराच्या फंदात पडू नये, असं आपल्याकडे विद्रोही कवितेबद्दलही बोललं गेलं आहे. ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दलित पँथरच्या कवींनाही हे ऐकावं लागलं, आणि नामदेव ढसाळांच्या रचनेकडे त्यामुळे पुरेसं लक्ष गेलं नाही. ब्राऊनबाबत तीच चूक होऊ नये. त्याचं म्हणणं त्याच्या रचनेत आहे. २०२४ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि दरम्यान इतर अनेक कवी ड्युप्लेक्स लिहू लागले आहेत.

'द ट्रॅडिशन' मिळवून वाचणाऱ्यांना एक सुचवतो. त्यातले पाचही ड्युप्लेक्स क्रमाने, मोठ्याने वाचा. पाचव्याने संग्रह संपतो, आणि तो आधीच्या चार ड्युप्लेक्समधल्या ओळी घेऊनच रचलेला आहे. आधी भेटलेल्या ओळी तिथे नव्या शेजाराने पुन्हा भेटतात. पुढच्या लेखांकात एसेक्स हेम्फिल.